पेटीतली हिरवी बुरशी आणि घरचा लसूण



दिवाळी झाली की आमच्या आर्वी तालुक्यात आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड जोरात असते. कोणाचा बगीचा व्यापाऱ्याने ठोक्याने घेतलेला असतो, कोणी स्वतः तोडून माल बाजारात नेतो. याच दिवसांत मला रोहण्याहून बोलावणे आले. निरोप एवढाच होता : "साहेबांना म्हणा, एकदा येऊन जा. पेट्या सडून राहिल्या."

मी गेलो. घराच्या छपरीत पेट्यांची थप्पी लागली होती. आठ दिवसांपूर्वी तोडलेला माल होता. भाव वाढेल म्हणून त्या भावाने थोडा रोखून धरला होता. वरची पेटी उघडली तर हिरव्या भुकटीचा लोट नाकात गेला. दोन फळे पूर्ण हिरवी झाली होती, चार मऊ पडली होती आणि उरलेल्यांवर ती भुकटी बसली होती. खालच्या पेट्यांचीही तीच गत. पहिल्या खेपेचा माल व्यापाऱ्याने नेला होता, पण सड निघाली म्हणून त्याने हिशेबात पैसे कापले होते. मुलीच्या कॉलेजची फी त्याच पैशातून भरायची होती. ती कशीबशी भरली, पण सोसायटीचा हप्ता राहिला.

भाऊ म्हणाले, "साहेब, औषध कोणतं मारू ते चिठ्ठीवर लिहून द्या जी. आज आणतो, आज मारतो."

दारात उभ्या असलेल्या वहिनींनी विचारले, "आन् साहेब, कडुनिंब-लसणाच्या अर्कानं होते का जी काही? आमच्या बचत गटात बाया म्हणतात. औषध मारलेलं फळ आमचीच लेकरं खातात न."

प्रश्न दोन्ही रास्त होते. या आठवड्याचा मजकूर त्या दोन प्रश्नांचे उत्तर म्हणूनच लिहीत आहे.

आधी सड ओळखा

ताप आला की डॉक्टर आधी विचारतात, थंडी वाजते का, खोकला आहे का. संत्र्याच्या सडीचेही तसेच आहे. सड एक नाही. आपल्या भागात मुख्यतः चार प्रकार दिसतात आणि प्रत्येकाचे बिऱ्हाड वेगळे असते.

पहिली हिरवी बुरशी. सालीवर आधी पाणी भरल्यासारखा मऊ डाग येतो. बोट दाबले तर आत जाते. मग पांढरे जाळे दिसते आणि मधोमध हिरवट भुकटी धरते. भुकटीभोवती पांढरी कड चांगली रुंद असते.

दुसरी निळी बुरशी. ती पहिलीची बहीणच, पण भुकटी निळसर आणि पांढरी कड अरुंद. हिचा एक वाईट गुण असा की ती पेटीत एका फळावरून शेजारच्या फळावर सरकते, शेजारचे फळ धडधाकट असले तरी. त्यामुळे पेटीत सडक्या फळांचे घरटे झालेले दिसते.

तिसरी देठाकडची सड. देठाच्या टिकलीपाशी तपकिरी किंवा काळपट वर्तुळ पडते आणि सड तिथून खाली उतरते. ही बुरशी वाळलेल्या काड्यांवर राहते. फळ झाडावर असतानाच ती टिकलीखाली येऊन लपते आणि तोडणीनंतर डोके वर काढते.

चौथी तपकिरी सड. ती पावसाळ्यात आणि परतीच्या पावसात येते. जमिनीलगतची फळे चामड्यासारखी तपकिरी होतात, त्यांना आंबूस वास येतो आणि झाडाखाली सडा पडतो. हिचे मूळ जमिनीत असते. ज्या फायटोफ्थोरामुळे खोडाला डिंक्या होतो, तिचेच हे काम.

रोहण्याच्या छपरीतली सड पहिल्या प्रकारची होती, थोडी दुसरीही होती. हे कळल्यावर अर्धे काम झाले. हिरव्या बुरशीचा स्वभाव एकदा समजला की तिला कुठे अडवायचे तेही समजते.

बुरशी आत कशी शिरते?

हिरवी बुरशी चोरासारखी आहे. बंद दाराने येत नाही, फट शोधते. संत्र्याची साल अखंड असेल तर तिला आत जाता येत नाही. नख लागले, काडी टोचली, पेटीचा खिळा लागला, देठ ओढताना सालीचा तुकडा निघाला, रस शोषणाऱ्या पतंगाने भोक पाडले, की तिचे काम झाले. गंमत अशी की साल फाटली म्हणजे तिच्यातले जे सुवासिक तेल बाहेर येते, त्या वासानेच या बुरशीचे बी जागे होते आणि रुजते. म्हणजे फळ जखमी झाल्याची वर्दी तिला फळच देते.

एका सडक्या संत्र्यावर कोट्यवधी बीजाणू असतात. पेटी हलवली की ते छपरीभर उडतात. कोपऱ्यात बसतात, गवतात बसतात, कात्रीवर आणि हातावर बसतात. दुसऱ्या दिवशीचा ताजा माल त्याच छपरीत उतरला की तो त्यांचे भक्ष्य होतो.

मी भावांना विचारले, "मागच्या खेपेची सडकी फळं कुठं टाकली?"

त्यांनी छपरीच्या मागे बोट दाखवले. दहा पावलांवर उकिरडा होता आणि उकिरड्यावर हिरव्या फळांचा ढीग. वारा तिकडून इकडे वाहत होता. पेटीत घालायचे गवतही मागच्या वर्षीचेच होते.

मग म्हणालो, "भाऊ, चिठ्ठी लिहून देतो, पण औषधाचं नाव शेवटी लिहीन."

आता अर्काकडे वळू

वनस्पतींत बुरशीला आवरणारी द्रव्ये असतात, ही गोष्ट खरी आहे. झाडालाही बुरशीपासून स्वतःला जपावेच लागते. मात्र कोणत्या झाडात काय आहे आणि ते कशावर चालते, हे समजून घ्यावे.

लसूण : अखंड पाकळीला फारसा वास नसतो, ठेचली की घमघमते. ठेचल्यावर पाकळीतले दोन घटक एकत्र येतात आणि ॲलिसिन नावाचे तिखट द्रव्य तयार होते. शास्त्रज्ञांनी ते १९४४ साली वेगळे काढून दाखवले. बुरशी आणि जंतू या दोहोंना ते मारक आहे. २००३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी लसणाचा अर्क संत्र्याच्या हिरव्या-निळ्या बुरशीवर वापरून पाहिला आणि त्याचा उपयोग होतो असे प्रसिद्ध केले. अर्कात थोडे खाद्यतेल मिसळून त्यांनी चांगला गुण पाहिला.

घरी करायचा तर असा करावा. सोललेला लसूण १०० ग्रॅम पाट्यावर किंवा खलबत्त्यात बारीक ठेचावा आणि १० ते १५ मिनिटे तसाच राहू द्यावा. या वेळात ॲलिसिन तयार होते. मग १ लिटर स्वच्छ पाण्यात कालवून दुहेरी फडक्याने गाळावा. त्यात पाव चमचा खाद्यतेल घालून चांगले घुसळावे. तोडलेली फळे या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवावीत, काढून सावलीत चाळणीवर किंवा स्वच्छ पोत्यावर एकेक मांडून पूर्ण सुकवावीत आणि मगच पेटीत भरावीत. ओले फळ पेटीत गेले तर केलेले सारे वाया.

यात तीन गोष्टी सांभाळाव्यात. अर्क उकळू नये, उष्णतेने ॲलिसिन जाते. अर्क साठवू नये, ज्या दिवशी केला त्याच दिवशी वापरावा. आणि फळ तोडल्यापासून एका दिवसाच्या आत बुडवावे. बुरशी सालीच्या आत शिरल्यावर वरून लावलेला अर्क तिच्यापर्यंत पोचत नाही. वहिनींनो, जास्त लसूण ठेचायचा असेल तर हातमोजे घाला, त्याने हाताची आग होते. वास राहतो तो दोन-चार दिवसांत उतरतो, पण काही गिऱ्हाईक नाक मुरडते, हेही सांगून ठेवतो.

कडुनिंब : आपल्या बांधावरचे झाड म्हणून त्याच्याकडून आपण सगळ्याचीच अपेक्षा करतो. निंबोळीचा अर्क आणि निंबोळीचे तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्यातला अर्क मुख्यतः किडीवर चालतो, बुरशीवर त्याचा जोर कमी. तेलाचा पातळ थर पानावर बसला तर बुरशीचे बी रुजण्यास अडथळा होतो. भुरीसारख्या वरवरच्या रोगावर त्याचा गुण अधिक दिसतो.

या तेलाची एक कहाणी आहे. १९९४ साली युरोपच्या पेटंट कार्यालयाने कडुनिंबाच्या तेलाने झाडावरची बुरशी आवरण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेची डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी आणि तिथले कृषी खाते यांना दिले. वंदना शिवा, युरोपीय संसदेच्या सदस्या मागदा एल्व्हूट आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी हरकत घेतली. अभय फडके या भारतीय उत्पादकाने साक्ष दिली की असा वापर आपल्याकडे त्याआधीच झालेला आहे. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि मार्च २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. बांधावरच्या झाडाचे ज्ञान आपले आहे, हे जगात मान्य झाले. परंतु ज्ञान आपले आहे म्हणून ते सगळ्याच रोगांवर चालते, असे मात्र होत नाही.

आपल्या वर्ध्याशी तेलाचे नाते जुने आहे. १९३४ साली मगनवाडीत ग्रामोद्योग संघ निघाला आणि तिथे सुधारलेली बैलघाणी पुढे वर्धा घाणी म्हणून ओळखली गेली. तेल घ्यायचे तर घाणीचे, ताजे आणि गाळलेले घ्यावे. फवारणीसाठी १ लिटर पाण्यात ५ मिली तेल आणि ते पाण्यात मिसळावे म्हणून थोडा साबणाचा चुरा पुरे. उन्हात मारू नये, फळ भाजते. गंधकाच्या फवाऱ्याच्या मागे-पुढे लगेच मारू नये. आधी एकाच झाडावर मारून चार दिवस पाहावे.

मग संत्र्याच्या सडीवर कडुनिंबाचा उपयोग काय? उपयोग आहे, पण वळसा घेऊन. फळाला भोक पाडणारी कीड आटोक्यात राहिली तर बुरशीला फट मिळत नाही. त्यासाठी पाच टक्के निंबोळी अर्क असा करावा : ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी फडक्यातून पिळून गाळावे, वेगळ्या १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात घालावा आणि एकूण १०० लिटर पाणी करून त्याच दिवशी संध्याकाळी फवारावे. उन्हात त्यातले द्रव्य लवकर निकामी होते.

रस शोषणारा पतंग मात्र रात्री येतो आणि बाहेरून उडून येतो. त्याच्या अळ्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात. बगीच्याच्या कुंपणावरच्या या वेली काढाव्यात, संध्याकाळी बगीच्यात ओला पालापाचोळा पेटवून धूर करावा आणि भोक पडलेली, गळलेली फळे रोज वेचावीत. गुळवेल औषधी असली तरी ती घराच्या अंगणात ठेवावी, संत्र्याच्या कुंपणावर नको.

तुळस, लवंग, गवती चहा : तुळशीत आणि लवंगेत युजेनॉल असते, गवती चहात सिट्रल असते. प्रयोगशाळेच्या काचेच्या बशीत या तेलांनी बुरशीची वाढ थांबते. पण बशी वेगळी आणि फळ वेगळे. बशीत बुरशी उघडी पडलेली असते, फळात ती सालीच्या आत शिरलेली असते. तेल कडक घेतले तर साल भाजते, पातळ घेतले तर गुण उतरतो. घरच्या फळांवर थोडे करून पाहण्यास हरकत नाही, पण चार पैशांच्या मालावर त्याचा भरवसा ठेवू नये.

एक सूचना ठळक अक्षरांत वाचावी. वनस्पतीचे म्हणजे निर्विष, असे समजू नका. दशपर्णी अर्कात रुई, कण्हेर, एरंड, घाणेरी असा पाला असतो. धोत्राही काही जण घालतात. यातल्या कित्येक वनस्पती विषारी आहेत. तोडलेली फळे असल्या अर्कात कधीही बुडवू नयेत आणि तोडणी जवळ आल्यावर झाडावरही मारू नये. जे आपण रोज जेवणात खातो, तेवढेच तोडलेल्या फळाला लावावे.

लसूण महाग असेल तर खाण्याचा सोडा हाही स्वस्त उपाय आहे. तो वनस्पतीचा नाही, पण स्वयंपाकघरातलाच. १ लिटर पाण्यात ३० ग्रॅम सोडा घालून फळे दोन-तीन मिनिटे बुडवावीत, साध्या पाण्यातून काढावीत आणि सुकवावीत. कॅलिफोर्नियात असल्या सोड्याच्या पाण्याने लिंबूवर्गीय फळे धुण्याची रीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आहे. फक्त याने पुढचे संरक्षण मिळत नाही, असलेली बुरशी तेवढी दबते.

माझी एक चूक

हे सारे सावधपणे लिहीत आहे, त्याला कारण आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका गावी डिंक्याने पोखरलेला बगीचा मी पाहिला. भारी काळी जमीन, पाणी साचलेले, झाडे जंबेरी खुंटावरची. त्या दिवसांत मी कडुनिंबाच्या भरात होतो. निंबोळी पेंड घाला, निंबोळी अर्क आळ्यात ओता, रसायनाची गरज नाही, असे मी छातीठोक सांगितले. त्या भल्या माणसाने ऐकले. पुढच्या पावसाळ्यानंतर गेलो तेव्हा दोन ओळी वाळल्या होत्या. सात-आठ वर्षे पोसलेली झाडे होती ती. त्याने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. चहा पाजला आणि विचारले, "आता काय करावं जी?" तो चहा मला अजून आठवतो.

फायटोफ्थोराचे बीजाणू साचलेल्या पाण्यात चक्क पोहतात. ती जमिनीतून मुळाला धरते. अर्क ओतून ती हटत नाही. तिथे पाण्याचा निचरा हाच पहिला उपाय. दोन ओळींमध्ये चर काढावेत, खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे करावे, नवी लागवड करताना रंगपूर लिंबाच्या खुंटाचा विचार करावा. पावसाळ्याच्या आधी व नंतर खोडाला बोर्डो मलम लावावे : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी. जमिनीलगतच्या फांद्यांना बांबूचे टेकू द्यावेत म्हणजे पावसाचे शिंतोडे फळांवर उडत नाहीत. खालच्या घेरावर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. त्यात १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही द्रावणे वेगळी करून मग एकत्र करावीत, लोखंडी भांडे वापरू नये. लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांब्याचा लालसर थर बसला तर चुना कमी आहे असे समजावे.

हे बोर्डो मिश्रणही शेतकऱ्याच्या युक्तीतूनच निघाले. फ्रान्समध्ये बोर्डो भागातले द्राक्षबागायतदार रस्त्याकडच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत, वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या ध्यानात आले की त्याच वेली केवड्यापासून वाचल्या आहेत. १८८५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. सांगायचे एवढेच की रासायनिक म्हणून त्याज्य आणि घरचे म्हणून ग्राह्य, असा सरसकट निवाडा करू नये. रोग कोणता आणि तो बसला आहे कुठे, हे पाहावे.

रासायनिक बुरशीनाशक घ्यावेच लागले तर कृषी विद्यापीठाची किंवा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची शिफारस पाहून घ्यावे. लेबलावर लिहिलेले पीक, प्रमाण आणि तोडणीपूर्वी थांबायचे दिवस पाळावेत. एकच औषध वर्षानुवर्षे मारू नये. हिरवी बुरशी अशा औषधांना सरावते, हा अनुभव जगभरचा आहे. आणि "सेंद्रिय अर्क" म्हणून बिनलेबलाची बाटली कोणी दारावर विकत असेल तर घेऊ नका. आत काय आहे, कोणी बनवले, कधीपर्यंत चांगले, हे ज्या बाटलीवर लिहिलेले नाही ती बाटली स्वस्त असली तरी महागच पडते.

रोहण्याला काय केले

चिठ्ठी लिहून दिली ती अशी. सडकी फळे आणि उकिरड्यावरचा ढीग दोन हात खोल खड्ड्यात पुरावा. जुने गवत जाळावे. छपरी झाडून, धुऊन, चुन्याने सारवावी. क्रेट साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावेत. पुढची तोड ओढून करू नये. कात्रीने देठ टिकलीलगत कापावा, लांब ठेवू नये, नाहीतर तो शेजारच्या फळाला टोचतो. पहाटे दव असताना तोडू नये. दवात साल फुगलेली असते, जरा दाबली तरी तिच्यातल्या तेलाच्या पिशव्या फुटतात. ऊन वर येऊन फळ कोरडे झाले की सुरुवात करावी. तोडणाऱ्यांनी नखे कापावीत. झाडावरून फळ खाली टाकू नये, पिशवीतून हळूच ओतावे. खाली पडलेले फळ पेटीत घालू नये, मग ते कितीही सुंदर दिसो.

भाऊ म्हणाले, "साहेब, कात्रीनं तोडाई केली तर मजूर दुप्पट रोजी मागतात."

म्हणालो, "व्यापाऱ्यानं कापलेले पैसे आणि जास्तीची मजुरी एका कागदावर मांडून पहा."

त्यांनी मांडून पाहिले आणि मग काही बोलले नाहीत.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्ही तोंडाने न देता पेटीला विचारायचे ठरवले. एकाच दिवशी, एकाच बाजूच्या झाडांची फळे घेतली. चार पेट्या केल्या, प्रत्येकीत फळे मोजून सारखी. पहिलीत ओढून तोडलेली फळे, काही न लावता. दुसरीत ओढून तोडलेली, साध्या पाण्याने धुऊन सुकवलेली. तिसरीत ओढून तोडलेली, लसणाच्या अर्कात बुडवून सुकवलेली. चौथीत कात्रीने तोडलेली, काही न लावता. पेट्यांवर कोळशाने आकडे घातले. आठव्या आणि पंधराव्या दिवशी सडकी फळे मोजून कॅलेंडरवर लिहायचे काम मुलीने घेतले.

पंधराव्या दिवशी मी पुन्हा गेलो. पहिल्या पेटीत सड सर्वांत जास्त होती. नुसत्या पाण्याने धुतलेल्या पेटीत फरक फारसा नव्हता. लसणाच्या पेटीत सड उघड कमी होती. वहिनींचा चेहरा खुलला. पण चौथी पेटी उघडल्यावर भाऊ बराच वेळ पाहत राहिले. कात्रीने तोडलेल्या, लसूण न लागलेल्या फळांत सड लसणाच्या पेटीहूनही थोडी कमीच निघाली.

मुलगी म्हणाली, "काका, पाचवी पेटी पाहिजे होती न. कात्रीपण आणि लसूणपण."

ती बरोबर बोलली. हे मला सुचायला हवे होते. पुढच्या तोडीला ती पाचवी पेटी भरली जाणार आहे.

एका घरच्या चार पेट्यांवरून शास्त्र ठरत नाही, हे मी त्यांनाही सांगितले आणि तुम्हालाही सांगतो. तुमची जमीन, तुमचा माल, तुमची छपरी वेगळी. म्हणून प्रत्येकाने आपल्या घरी असा पडताळा घ्यावा. साधी पेटी शेजारी ठेवल्याशिवाय कोणत्याही अर्काचा, माझ्या शिफारशीचा किंवा दुकानातल्या औषधाचा गुण खरा मानू नये. पाण्याची पेटी का, असे कोणी विचारेल. धुतल्यामुळे गुण आला की लसणामुळे आला, हे तिच्यावाचून कळत नाही.

ट्रकभर मालाला लसूण पुरायचा नाही, परवडायचाही नाही. पण रस्त्याकडेला बसून विकायचा माल, घरी ठेवायची फळे, लेकीच्या सासरी पाठवायची पेटी, एवढ्यासाठी तो चांगला आहे. मोठ्या मालाला कात्री, कोरडे फळ, स्वच्छ छपरी आणि रोज पेटी पाहून सडके फळ वेचणे, हीच पहिली औषधे. ती दुकानात मिळत नाहीत आणि त्यांची उधारीही होत नाही.

निघताना वहिनींनी पिशवीत संत्री घातली. भाऊ म्हणाले, "चौथ्या पेटीतली आहेत जी साहेब, बिनघोर खा."

ज्यांनी आपल्या घरी अशा पेट्या मांडून पाहिल्या असतील त्यांनी सडलेल्या फळांचा आकडा पोस्टकार्डावर जरूर कळवावा. पहिल्या पेटीचा आकडाही लिहावा, नुसता लसणाच्या पेटीचा नको. पुढील आठवड्यात मृग बहाराच्या फळांना थंडीत पाणी किती आणि केव्हा द्यावे, ते पाहू.